दोनदा विसळलेली बाटली

गोदूबाईने बाटली मुलीच्या हातातून काढूनच घेतली.

"तू बस आदी. मी आन्ते भरून."

"आजी, मलाच भरायची असते ती. नियम आहे तसा."

"नियम ऱ्हाऊदे पल्याड. तोंड बग कसं लाल झालंय. भर उनात घाटी उतरून आलंयस. बस गो बाय."

वैष्णवी ओट्यावर बसली. तसं पायांवर उभं राहण्याचं त्राणही तिच्यात उरलेलं नव्हतं. शिमगा नुकताच आटपला होता, पण ऊन वैशाखासारखं चावत होतं, आणि सकाळपासूनचं हे तिसरं गाव होतं. देवरूखच्या कॉलेजातून रसायनशास्त्र घेऊन बाहेर पडलेली ही मुलगी रत्नागिरीतल्या एका लॅबमध्ये कंत्राटावर लागली होती. गावोगाव जायचं, विहिरींचे नमुने घ्यायचे, फॉर्म भरायचा, सही करायची. मघाशी गोदूबाईच्या विहिरीच्या काठावर बाटली ठेवून तिने फोनमध्ये फोटो काढला होता. मग बादली सोडायला ती वाकली, आणि विहिरीच्या तळाशी दिसणारं आभाळ एकदम गरगरलं. तेव्हा मागून येऊन गोदूबाईनेच तिच्या दंडाला धरून तिला ओट्यावर आणलं.

आता तिच्यासमोर गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी होतं. पाणी गार होतं आणि गोडही. ती दोन पेले प्यायली.

"त्याच पाण्याने आधी दोनदा विसळा हां, आजी!" ती ओट्यावरूनच ओरडली. एवढा नियम तरी तिने पाळला.

गोदूबाई मागीलदारी आली. तिथे भांड्यांसाठी सकाळी ओढून ठेवलेल्या विहिरीच्या पाण्याचा हंडा होता. तिने बाटली त्यात बुडवली, भरली, वर धरली. पाणी तांबूस होतं, आणि त्यावर डाळीच्या फोडणीसारखा बारीक तवंग. तिने नाकाजवळ नेऊन पाहिलं आणि तोंड वळवलं. सत्तरी उलटलेल्या बाईला त्या वासाची आता सवय झाली होती, पण ही बाटली रत्नागिरीला जाणार होती. तिथे साहेब लोक ती हातात धरून बघणार, त्यावर गोदूबाई मोरू शिगवण हे नाव असणार. मयताच्या घरीसुद्धा आल्यागेल्याला असलं पाणी कोणी देत नाही.

तिने बाटली अळवाच्या वाफ्यात ओतली. मग स्वयंपाकघरातल्या झाकलेल्या कळशीतलं पाणी घेऊन ती विसळली. एकदा आणि मग दुसऱ्यांदा. पोरीने सांगितलं होतं तसं. मग त्याच कळशीतलं पाणी गळ्यापर्यंत भरलं आणि बाटली पदराने पुसून कोरडी केली.

वैष्णवीने बूच घट्ट लावलं, चिठ्ठी चिकटवली. विहीर क्रमांक तीन, तळवाडी. नमुना घेणाऱ्याच्या नावापुढे तिने स्वतःचं नाव लिहिलं आणि सही केली. सही करताना पेन क्षणभर थांबलं, पण चौथं गाव अजून बाकी होतं.

*

तळवाडी सड्याच्या, म्हणजे वरच्या कातळी पठाराच्या, पायाशी आहे. सात वर्षांपूर्वी वेळशेतच्या नगरपंचायतीने शहराचा कचरा सड्यावर आणून टाकायला सुरुवात केली तेव्हा वाडीतल्या कोणी फारसं मनावर घेतलं नव्हतं. वर कातळ, खाली आपण, मध्ये पुरुषभर जांभा. जांभा दिसतो दगडासारखा, पण आतून असतो चाळणीसारखा. हे वाडीतल्या सगळ्यांनाच माहीत होतं, कारण याच चाळणीतून झिरपलेलं पाणी ते पिढ्यान्‌पिढ्या पीत आले होते. माहीत असलेली गोष्ट वेळेवर आठवेलच असं मात्र नाही.

पहिले दोन पावसाळे काही झालं नाही. तिसऱ्या वर्षी डाळ शिजेनाशी झाली. मग साबणाला फेस येईना, चहा काळा पडू लागला, आणि मग वास आला. सगळ्यात आधी आला तो गोदूबाईच्या विहिरीला, कारण ती सड्याला सगळ्यात जवळ. ही विहीर तिच्या नवऱ्याने, मोरूने, दोघा भावांना घेऊन खणली होती. मे महिन्यात अख्खी वाडी या एका विहिरीवर यायची. सोयरीक जमवायला आलेल्या पाहुण्यांना वाडीतले लोक आधी ही विहीर दाखवायचे आणि मग मुलगा. मोरू जाऊन अकरा वर्षं झाली होती. हे बघायला तो नाही याचं गोदूबाईला बरंच वाटायचं, आणि बरं वाटतं म्हणून वाईटही वाटायचं.

वाडीत अडतीस घरं. ज्यांना परवडतं ते शेजारच्या हर्षदच्या रिक्षातून पाण्याचे जार आणतात. बाकीचे विहिरीचं पाणी उकळून पितात. उकळल्याने वास जात नाही, पण काहीतरी केल्याचं समाधान मिळतं. तक्रारीचा अर्ज हर्षदनेच लिहिला होता. नमुना नापास झाला की कचरा हलवण्याचं बघू आणि तोवर नळाची लाइन देऊ, असं नगरपंचायतीने तोंडी का होईना कबूल केलं होतं. अर्जावर पहिला अंगठा गोदूबाईचा होता. हर्षदची पाच वर्षांची मुलगी आरोही पोटाच्या दुखण्याने दोनदा रत्नागिरीच्या दवाखान्यात राहून आली होती, आणि अंगठा उठवताना गोदूबाईच्या डोळ्यांसमोर तीच होती.

आणि तरीही तिने कळशीतलं पाणी दिलं. कळशीतलं पाणी विहिरीचं नव्हतं.

काजूच्या बागेपलीकडे, खाडीच्या अंगाला उतरणाऱ्या घळीत एक झरी होती. करंगळीएवढी धार. मोरू गुरं चारायला जायचा तेव्हा तिथे पाणी प्यायचा. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात त्याने ती गोदूबाईला दाखवली होती. ही बाजू सड्याच्या उतारावर नाही, त्यामुळे झरी स्वच्छ राहिली. दीड वर्ष ती रोज सकाळी तिथे जात होती. उन्हाळ्यात एक कळशी भरायला वीस मिनिटं लागायची. दोन कळश्या भरून ती काजूच्या बागेतून आडवाटेने परत यायची, आणि कोणी विचारलं तर फाटी आणायला गेले होते म्हणायची. डोक्यावरच्या कळशीवर चार काटक्याही ठेवायची.

वाडीला तिने सांगितलं नव्हतं. अडतीस घरं तिथे उतरली तर आठ दिवसांत चिखल उरेल, असं ती स्वतःला सांगायची. ते खोटंही नव्हतं. आरोही दुपारी खेळायला आली की मात्र ती तिला पेलाभर पाणी द्यायची. रोज. पोर म्हणायची, "आजी, तुज्याकडचं पानी गोड हाय." यावर गोदूबाई म्हणायची, "मातीचा माठ हाय ना, म्हनून." एका पोरीला रोज एक पेला दिला की आपला हिशोब चुकता होतो, असं तिला वाटत असावं. वाटत नसलं तरी तसं धरून चाललं की झोप लागायची.

*

रिपोर्ट चैत्रात आला. हर्षदने तो देवळासमोर मोठ्याने वाचला आणि शेवटच्या ओळीवर अडखळला. मग ती ओळ परत वाचली. विहीर क्रमांक तीन, पाणी पिण्यास योग्य.

"योग्य?" हर्षदची बायको नेत्रा म्हणाली. "त्या हिरीचं?"

"फोन आला असंल वरनं," हर्षद म्हणाला. "ती पोरगी त्यांचीच. बगून घेतो तिला."

गोदूबाई देवळाच्या पायरीवर बसली होती. तिला त्या क्षणीच सगळं कळलं. गुडघे धरून ती उठली आणि घरी आली. कळशीवरचं झाकण काढून तिने आत पाहिलं, आणि झाकण पुन्हा ठेवलं. आठ दिवस ती कोणाशी धड बोलली नाही. नगरपंचायतीने तक्रार निकाली काढली. नळाची लाइन मागे पडली. हर्षदने दुसरा अर्ज लिहिला, तो वैष्णवीविरुद्ध. या अर्जावर अंगठा द्यायला गोदूबाई गेली नाही. ताप आलाय म्हणाली.

नवव्या दिवशी लॅबचे साहेब आले. सोबत वैष्णवी. गाडी सड्यावर ठेवून दोघं घाटी उतरली. विहिरीभोवती दहा-बारा माणसं जमली होती. गोदूबाई मागीलदाराच्या चौकटीत उभी राहिली. तिथून सगळं ऐकू येत होतं.

साहेब विहिरीत वाकून पाहत होते. नाकाला रुमाल लावायचा मोह त्यांनी टाळला, एवढं तरी वाडीतल्या लोकांनी नंतर त्यांच्या बाजूने कबूल केलं.

"हा नमुना तुम्ही स्वतः घेतला?" त्यांनी वैष्णवीला विचारलं.

"हो सर. फोटो आहे त्या वेळेचा."

"फोटोत बाटली रिकामी आहे." साहेबांचा आवाज चढला नव्हता. "हे बघा. तुम्ही स्वतः घेतला नसेल तर कंत्राट आजच संपेल. स्वतः घेतला असेल तर या पाण्याचा असा रिपोर्ट येऊच शकत नाही. मग तो कोणाच्या सांगण्यावरून आला हे मला शोधावं लागेल, आणि ते पोलिसांत जाईल. काय ते आत्ता सांगा."

"सांग की," हर्षद म्हणाला. "कुनाचा फोन आलता?"

"कोणाचा नाही आला."

"मंग पानी सोताहून गोड झालं व्हय?"

कोणीतरी हसलं. वैष्णवी हसली नाही. तिचे कान तांबडे झाले होते. तिने एकदाही मागीलदाराकडे पाहिलं नाही. म्हातारीने भरून दिली, एवढं म्हणाली असती तरी पोलिसांपासून सुटली असती. कंत्राट गेलं असतं, पण अब्रू राहिली असती. ती म्हणाली, "मीच भरली, सर. मीच."

हे तिने गोदूबाईला वाचवायला म्हटलं की नोकरीला, कोण जाणे. दोन्ही असेल. गोदूबाईला मात्र त्या दोन शब्दांनी चौकटीत उभं राहवेना. आपल्या ओट्यावर बसून जी पोर आपलं पाणी प्यायली, ती आपल्यापायी बारा माणसांत उभी आहे आणि आपलं नाव घेत नाही. ती पायरी उतरली.

"तिनंच भरली," गोदूबाई म्हणाली. "मी बगितली."

सगळे वळले.

"बादली सोडली, भरली, आनि माज्या ओट्यावर आनून ठेवली. बूच लावायचं हुतं. तवर ती तोंडावर पानी मारायला गेली. माजा पदर लागला नि बाटली उपडी झाली. सांडलं सगळं." ती थांबली. आवाज सरळ ठेवण्यासाठी तिला थांबावं लागलं. "पोर परत हिरीवर जाईल, तिला आदीच चक्कर आलेली. म्हनून मीच भरून ठेवली गपचिप. तिला ठावंच नाय."

वैष्णवीने आता तिच्याकडे पाहिलं.

"कशातून भरली?" साहेबांनी विचारलं.

"घरातल्या कळशीतनं."

"मंग कळशीत तरी हिरीचंच ना?" हर्षद म्हणाला. "तुज्याकडं कुठं जार येतो, आजी?"

हा प्रश्न येणार हे गोदूबाईला पायरी उतरतानाच माहीत होतं. खरं तर आठ दिवस ती याच प्रश्नाला घाबरून गप्प होती. पदराचं टोक तिने बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"नाय. झरीचं."

"कुटली झरी?"

तिने सांगितलं. काजूची बाग, घळ, फणसाच्या मुळाशी फुटलेली कपार. किती दिवस आणतेस, असं कोणीतरी विचारलं, आणि तिने तेही सांगितलं. दीड वर्ष. ती एवढंच म्हणाली, त्यापुढे कारण जोडलं नाही. चिखल होईल वगैरे जे स्वतःला सांगायची, ते इतक्या माणसांपुढे तिच्या तोंडून निघेना.

नेत्रा आरोहीचा हात धरून उभी होती. तिने मुलीकडे पाहिलं, मग गोदूबाईकडे.

"म्हंजे तुमाला ठावं हुतं," ती म्हणाली. "आमी उकळत हुतो तवा."

"व्हय," गोदूबाई म्हणाली.

नेत्राने आरोहीला जवळ ओढलं. हर्षदने खिशातून रिक्षाची किल्ली काढली आणि नुसतीच हातात फिरवत राहिला.

साहेबांनी फाइल उघडून जुना रिपोर्ट काढला. "म्हणजे हा रिपोर्ट विहिरीचा नाही, झरीचा समजायचा," ते म्हणाले. "झरीचं पाणी चांगलं आहे, एवढं तरी यातून कळलं. विहिरीचा नमुना आज नव्याने घेऊ. मी इथेच थांबतो."

वैष्णवीने बादली सोडली. रहाट करकरला. तिने पाणी वर ओढलं, बाटली त्यातच विसळली, एकदा आणि मग दुसऱ्यांदा, आणि भरली. बूच लावलं. तांबूस बाटली तिने साहेबांच्या हातात दिली. त्यांनी ती उन्हात धरली, आणि भोवतीच्या सगळ्यांनी माना वर करून पाहिलं. जे पाणी रोज घरात येत होतं ते एवढं निरखून कोणी पाहिलं नव्हतं. गोदूबाईने मात्र खाली पाहिलं. तिने आज कोणाला गूळ-पाणी विचारलं नाही.

साहेब घाटीच्या दिशेने पुढे निघाले. वैष्णवी चिठ्ठी चिकटवायचं निमित्त करून मागे राहिली.

"आजी, तुम्ही बाटली सांडली नव्हती."

"तू तरी कुठं भरली हुतीस?"

वैष्णवीच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. मग तिचे डोळे भरून आले. तिने वाकून गोदूबाईच्या पायाला हात लावला आणि घाटी चढायला लागली. अर्ध्या वाटेवर दम घ्यायला ती थांबली. गोदूबाई ती दिसेनाशी होईपर्यंत विहिरीशी उभी राहिली. वाडीतले लोक तोवर पांगले होते.

*

दुसऱ्या दिवशी उजाडताना गोदूबाई नेहमीसारखी निघाली. काटक्या गोळा करायचं कारण आता नव्हतं. काजूच्या बागेतली वाट तिच्या एकटीच्या पावलांनी पडलेली, एका माणसापुरती. आज वाटेच्या कडेचं गवत दोन्ही बाजूंनी आडवं झालं होतं.

घळीच्या तोंडाशी तिला बोलणं ऐकू आलं, आणि ती दिसताच थांबलं. फणसाच्या मुळाशी नेत्रा बसली होती. धारेखाली तिची कळशी. तिच्यामागे कातळावर ओळीने कळश्या, हंडे, एक प्लास्टिकचा कॅन. गोदूबाईने मोजले नाहीत, पण सूर्य डोक्यावर येईपर्यंत आपली पाळी लागत नाही एवढं तिला दिसलं. कपारीतली वाळू पायांनी उकरली गेली होती आणि कडेला चिखल व्हायला लागला होता. तिचा अंदाज बरोबर होता. याचा तिला काडीचा आनंद झाला नाही.

"म्होरं ये, आजी," ओळीतली एक म्हातारी म्हणाली. "झरी तुजीच."

"माजी कसली," गोदूबाई म्हणाली, आणि तिने आपली कळशी ओळीच्या शेवटी ठेवली.

नेत्राने वळून पाहिलं नाही. आरोही तिच्या बाजूला उकिडवी बसली होती. कळशीत पडणाऱ्या धारेखाली तिने ओंजळ धरली, भरेपर्यंत थांबली, आणि प्यायली. मग तिने मान वर केली. हनुवटीवरून पाणी ठिबकत होतं.

"आये," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी, "ह्ये तर गोदूआजीच्या माठातलं पानी!"

कोणी हसलं नाही. नेत्राने मुलीची हनुवटी पदराने पुसली आणि कळशी थोडी तिरपी केली, धार नीट पडावी म्हणून.

तेवढ्यात घळीतून आणखी एक बाई उतरून आली, कडेवर मूल, हातात हंडा. हंडा टेकायला तिने जागा शोधली. गोदूबाईने आपली कळशी उचलली आणि त्या हंड्याच्या मागे ठेवली.